इंजिन मोठं, ब्रेक तेच : खंडाळ्यातल्या जुन्या तीनचाक्यांचं दुखणं

खंडाळा : नव्या नंबरपाटीच्या निमित्ताने एक जुनी गोष्ट पुन्हा उघड्यावर आली आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवायची, असा राज्यभर आदेश झाला. २०२५ सालभर तिला मुदतवाढ मिळत गेली. पाटीचा अर्ज मोबाईलवर भरताना गाडीचा नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर मागतात. मोटारसायकलवाल्यांचं काम पटकन होतं. शेतावर राबणाऱ्या जुन्या तीनचाकी टेम्पोचा मालक मात्र इथेच अडखळतो. कारण आरसी बुकात इंजिनाचा एक नंबर आणि सीटखालच्या इंजिनावर दुसराच. काहींच्या इंजिनावर तर नंबर दिसेल अशी जागाच उरलेली नाही.

आरसीवरचा नंबर टाकला तर पाटी मिळूनही जाईल. पण ती पाटी ज्या इंजिनाची साक्ष देते ते कधीच भंगारात गेलेलं असतं. गाडी ओढत असतं दुसरंच, बहुतेक वेळा जुन्यापेक्षा मोठं. हे मोठं इंजिन का बसवलं जातं, त्याने खरंच किती फायदा होतो आणि अपघात झाला की त्याची किंमत कोण मोजतं, हे एकदा नीट बघायला हवं.

मोठं इंजिन का लागतं

खंडाळा तालुक्याचा नकाशा डोळ्यापुढे आणा. एका बाजूला नीरा नदी आणि वीर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला खंबाटकीचा डोंगर, मधून पुणे-बेंगळुरू महामार्ग. बागायत खाली पाण्याकडे आणि डांबरी रस्ता वर. कांदा भरला की खालून वर चढायचं, मग लोणंदचा बाजार. ऊस, भाजीपाला, कडबा, खताच्या गोण्या, सगळ्याची वाट तीच. पाणंदीचा पहिला एक-दीड किलोमीटर हाच खरा घाट असतो. मुरूम वाहून गेलेला, मधे ओढा, कडेला बांध इतका पुढे सरकलेला की ट्रॉली वळत नाही.

अशा वाटेवर जुना तीनचाकी टेम्पो चालतो, कारण तो अरुंद असतो, थोड्या जागेत वळतो आणि डिझेल कमी खातो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेला, कर्ज कधीच फिटलेला. पण त्याची ताकद मूळची डांबरी रस्त्यासाठी. अर्धा टन माल बारामती किंवा शिरवळच्या सपाट रस्त्यावर न्यायचा, हे त्याचं काम. पाणंदीला तेवढाच माल घेऊन तो चढणीवर पहिल्या गिअरमध्ये धापा टाकतो. मागून मजुरांनी ढकलायचं, चाकाखाली दगड लावायचा, पुन्हा क्लच सोडायचा. एका हंगामात क्लच प्लेट जाते. मग मेकॅनिक म्हणतो, ‘इंजिन वाढवून टाकू.’

शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आणली. जिथे रस्ता झाला तिथे हाच टेम्पो आहे त्या इंजिनावर माल काढतो. जिथे मोजणी, अतिक्रमण आणि भावकी यात रस्ता अडकला तिथे माणूस गॅरेजचा रस्ता धरतो. म्हणजे इंजिनाचा प्रश्न निम्मा तरी रस्त्याचाच आहे. हे लक्षात न घेता शेतकऱ्याला नुसती दंडाची भीती घालण्यात अर्थ नाही.

बोरिंग केलं की ताकद वाढते?

गॅरेजमध्ये ‘इंजिन वाढवणं’ या शब्दाखाली दोन-तीन वेगळी कामं चालतात. पहिलं आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे बोरिंग. घासलेला ब्लॉक लेथवाल्याकडे जातो, आतलं भोक मोठं करून त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसतो. काम झाल्यावर गाडी खरंच पळते. मालक खूष, मेकॅनिकचं नाव होतं, आणि सीसी वाढली म्हणून ताकद वाढली असा समज पक्का होतो.

हिशेब मात्र वेगळंच सांगतो. आपल्याकडच्या जुन्या डिझेल अ‍ॅपेचं इंजिन ३९५ सीसीचं. या जातीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६८ मिलिमीटर असते. अर्धा मिलिमीटर बोरिंग केलं तर ३९५ चे होतात साधारण ४००. पूर्ण एक मिलिमीटर केलं तर ४०४. म्हणजे एवढा खर्च करून वाढले नऊ सीसी, शेकड्याला सव्वादोन-अडीच. एवढ्याने चढणीवर फरक पडत नाही.

मग गाडी पळते का? कारण आधी ती आजारी होती. सिलिंडर घासला, रिंगा सैल झाल्या की दाब खाली निसटतो आणि डिझेल अर्धवट जळतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि गोल सिलिंडर मिळाला की गेलेली ताकद परत येते. ती वाढीव ताकद नसते, गाडी नवी असताना जेवढी होती तेवढीच असते. हे समजलं तर बोरिंग करायला कुणाची हरकत नाही. इंजिन तेच राहतं, नंबर तोच राहतो. काळजी एवढीच की कंपनीने ठरवलेल्या मापापलीकडे जायचं नाही. भिंत पातळ झाली की हवेवर थंड होणारं हे इंजिन चढणीवर तापतं आणि पिस्टन जाम होतो.

कंपनीने स्वतः याच जातीचं इंजिन ३९५ वरून ४३५ सीसीवर नेलं तेव्हा भोक तेच, ८६ मिलिमीटरचं ठेवलं. पिस्टनची धाव ६८ वरून ७५ केली. म्हणजे क्रँकशाफ्टच वेगळा. नुसत्या बोरिंगने ४३५ गाठायचे म्हटले तर भोक चार मिलिमीटरहून जास्त मोठं करावं लागेल, आणि तेवढं लोखंड त्या भिंतीत नसतं. गॅरेजमध्ये हे जमत नाही यात मेकॅनिकचा कमीपणा नाही. धातूलाच तेवढी जागा नाही.

डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवणं’ हाही एक प्रकार आहे. त्याने दोन दिवस जोर वाटतो. मागे काळा धूर निघतो, तेल लवकर काळं पडतं, हेड तडकतं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

विहिरीवरचं इंजिन गाडीवर

दुसरं काम म्हणजे इंजिनच बदलणं. आणि इथे आपल्या भागाचा हात कुणी धरणार नाही. सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्यात १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, आधी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं. विहिरीवरचं इंजिन उघडून बसवणारा माणूस इथे वाडीवस्तीवर सापडतो. वीज आली, मोटारी बसल्या आणि ही इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहिली. त्यातलं एखादं टेम्पोवर चढवायचा मोह कुणालाही होईल.

पाच हॉर्सपॉवरचं एक प्रचलित किर्लोस्कर इंजिन ५५३ सीसीचं आहे. व्यास ८०, धाव ११० मिलिमीटर. आकड्याने ते ३९५ पेक्षा कितीतरी मोठं. पण त्याचे फेरे मिनिटाला १५००. टेम्पोचं छोटं इंजिन ३६०० च्या आसपास फिरतं आणि सात-साडेसात हॉर्सपॉवर देतं. म्हणजे सीसी जास्त आणि हॉर्सपॉवर कमी! ऐकायला उलटं वाटतं, पण सीसी म्हणजे सिलिंडरची पोकळी. ती पोकळी मिनिटाला किती वेळा भरते आणि रिकामी होते यावर ताकद ठरते. मोठी घागर सावकाश भरायची की छोटी कळशी पटापट, असा हा प्रकार आहे.

ओढ मात्र संथ इंजिनाची जास्त असते, ढोबळ हिशेबाने दीडपट. म्हणून पाणंदीच्या चढावर ते गुरगुरत माल ओढून नेतं आणि बघणारे वाहवा करतात. डांबरीवर आलं की तोच गिअर, तीच चाकं आणि फेरे निम्म्याहून कमी. गाडी बैलगाडीच्या पुढे फार जात नाही. शिवाय हे इंजिन बिडाचं, जड. त्याचं धूड ज्या चासीवर बसतं ती या वजनासाठी बनलेलीच नसते. एका सिलिंडरचे हादरे वेल्डिंग उकलतात. महिना-दोन महिन्यांनी क्रॉस मेंबरला तडा जातो, तिथे पट्टी मारली की पुढच्या ठिकाणी.

तिसरा मार्ग धोक्याचा, कारण तो जमतो. भंगारातून चारचाकी छोट्या टेम्पोचं इंजिन आणायचं. टाटा एस २००५ मध्ये आला तो ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन, सोळा हॉर्सपॉवरचं. ते तीनचाकीच्या सांगाड्यात बसवलं की ताकद दुप्पट. चढण लागली की नाही ते कळतही नाही. माल अर्ध्या टनाचा पाऊण टन होतो, पाऊण टनाचा एक टन.

चढतं ते उतरतंही

अडचण चढणीला नसतेच, उताराला असते. वीरकडून वर गेलेली गाडी रात्री रिकामी किंवा खत भरून खाली येते. इंजिन सोळा हॉर्सपॉवरचं आणि ब्रेक सात हॉर्सपॉवरच्या गाडीचे. ताशी ३० वरून वेग ४० वर गेला तर थांबवायला लागणारा जोर दीडपट होत नाही, पावणेदोन पट होतो. त्यात माल दुप्पट असेल तर साडेतीन पट. ड्रम तेवढेच, लायनिंग तेवढंच. उतारावर लायनिंग तापून सुटलं की पायाखाली पेडल नुसतं खाली जातं.

वर तीन चाकं. पुढे एक, मागे दोन. वळणावर ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या एका चाकावर येतं आणि गाडी पुढच्या बाजूला तिरकी कलंडते. चारचाकीला तिथे दुसरं पुढचं चाक टेकू देतं, तीनचाकीला काहीच नसतं. उंच भरलेला कडबा किंवा कांदा असेल तर अजून लवकर. हे गाडी चालवणाऱ्याला माहीत असतं, तो जुन्या वेगाच्या अंदाजाने वळण घेतो. इंजिन बदललं की तो अंदाज चुकतो.

जगात हा धडा आधी गिरवून झालेला आहे. होंडा कंपनीने अमेरिकेत १९७० मध्ये शेत, वाळू आणि चिखलात चालवायची जाड टायरची तीनचाकी गाडी विकायला काढली, एटीसी ९०. इंजिन फक्त ८९ सीसीचं. लोकांना आवडली आणि लोकांनी आणखी ताकद मागितली. १९८५ पर्यंत त्याच घराण्यातली ३५० सीसीची गाडी बाजारात आली. चाकं तीनच. कलंडून माणसं मेली, त्यात पोरंटोरं बरीच. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारने कोर्टात तडजोड करून कंपन्यांना नव्या तीनचाकी विकणं बंद करायला लावलं आणि बाजार चारचाकीकडे वळला. नुसतं इंजिन हेच त्याचं कारण नव्हतं, पोरांच्या हाती गाडी देणं हेही होतं. पण तीन चाकांना किती ताकद झेपते याचा अंदाज तिथे कारखान्यांनाही आला नाही, मग आपल्या गॅरेजला दोष काय द्यायचा.

कंपनी सीसी वाढवते, मग आम्ही का नाही, हा प्रश्न हमखास येतो. बारामतीत तयार होणारी अ‍ॅपे २०२० मध्ये बीएस-६ झाली तेव्हा तिचं डिझेल इंजिन ५९९ सीसीचं झालं. पण त्याची ताकद ठेवली साडेनऊ हॉर्सपॉवरच्या आत, सोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स आणि नवा क्लच दिला. म्हणजे ३९५ ते ५९९ असा दीडपट प्रवास करूनही हॉर्सपॉवर फक्त दोनने वाढले. वाढीव सीसी धूर कमी करायला आणि ओढ वाढवायला वापरली, वेगाला नाही. गावठी बदलात नेमकं उलटं होतं.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगीशिवाय असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून ठेवा. इंजिन एक, लांबवलेली चासी दुसरी, वाढवलेला हौदा तिसरा.

‘आम्ही रस्त्यावर आणतच नाही, शेतातच फिरवतो,’ असं उत्तर मिळतं. पण कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा. पाणंद ही वहिवाटीची वाट आहे, तिथे हा बचाव टिकणं अवघड. आणि लोणंदचा बाजार काही शेतात भरत नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातली गोष्ट अनेकांना आठवत असेल. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण नियमात बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती घेतली. कौतुक वेगळं आणि रस्त्यावरची परवानगी वेगळी, हे त्यातून दिसलं. प्रत्येक गावच्या कारागिराला बोलेरो मिळत नसते.

खरी किंमत विम्यात

दंड पाच हजारांचा, तो भरता येतो. घर बुडतं ते विम्याच्या वादात. अपघातानंतर गाडीची तपासणी होते, त्यात इंजिन नंबर बघितला जातो. तो आरसीशी जुळला नाही की गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. समोरच्या माणसाच्या भरपाईतही वाद घालायला जागा होते. अशा खटल्यांत कित्येकदा न्यायाधिकरण सांगतं की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. मालक म्हणजे सातबारा. त्यावर बोजा चढला की पुढची पिढी तो फेडत बसते.

यापेक्षा नाजूक गोष्ट हौद्यात बसलेल्यांची. कांदा काढणीला, खुरपणीला बाया सकाळी याच टेम्पोत दाटीवाटीने बसून येतात. इंजिन मोठं असलं की आठच्या जागी पंधरा बसतात. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस सोडून इतर प्रवासी बसवले तर विमा कंपनी जबाबदार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ‘आशा रानी’ प्रकरणात डिसेंबर २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणजे उताराला गाडी कलंडली तर त्या बायांच्या घरच्यांनी मागायचं कुणाकडे? ज्याच्या शेतात कामाला चालल्या होत्या त्याच्याकडेच. आणि तो बहुतेक त्याच गावचा, कधी त्याच भावकीतला.

मग करायचं काय

इंजिन खरंच संपलं असेल तर त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन बसवता येतं. परिवहन कार्यालयात अर्ज, इंजिनाचं बिल, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र, गाडीची तपासणी आणि मग आरसीवर नवा नंबर. बदल झाल्यावर कळवायला कायद्यात चौदा दिवस दिले आहेत. भंगारातून इंजिन घेतलं तरी बिल हवंच. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर सीसीचा प्रश्न बाजूला राहतो आणि पोलीस ठाण्याचा सुरू होतो.

गंमत अशी की इंजिन मोठं करायला कायदा नाही म्हणतो, पण सीएनजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवायला त्याच कलम ५२ मध्ये वाट ठेवलेली आहे. विजेच्या मोटारीला सीसी नसते आणि चढणीला लागणारी ओढ ती उभ्या जागेवरून देते. जुन्या मालवाहू तीनचाकीला परवडेल असं मान्यताप्राप्त किट तालुक्याच्या गावात मिळालं, तर गॅरेजमधली निम्मी वेल्डिंग आपोआप थांबेल. आज शेतकऱ्याला त्याची चौकशी करायचीही सोय जवळपास नाही.

परिवहन खात्याच्या बाजूनेही एक काम होण्यासारखं आहे. इंजिन बदलाची नोंद करायला खंडाळ्याच्या शेतकऱ्याला खंबाटकी ओलांडून सातारा गाठावं लागतं. टेम्पो घेऊन घाट चढायचा, दिवस मोडायचा, एखादा कागद कमी पडला की पुन्हा फेरी. त्यापेक्षा नोंद न केलेली बरी, असं तो ठरवतो आणि एका साध्या, कायदेशीर बदलाचा गुन्हा होऊन बसतो. नंबरपाटीसाठी राज्यभर केंद्रं उघडता आली, तर त्याच जातीच्या इंजिनाची नोंद खंडाळा, लोणंद, शिरवळला ठरावीक दिवशी घेणं अवघड नाही. ग्रामपंचायतींनी तसा ठराव करून पाठवला तर मागणीला वजन येईल.

तोवर ज्यांच्या गाडीत मोठं इंजिन आधीच बसलेलं आहे त्यांनी निदान तीन गोष्टी आजच बघाव्यात. ब्रेकचं लायनिंग आणि तेल, क्रॉस मेंबरवरचे वेल्डिंगचे तडे, आणि मागचा हौदा. कांद्याचा हंगाम सुरू झाला की गॅरेजला वेळ नसतो आणि मालकालाही. बाया बसवायच्या असतील तर त्यांच्यासाठी प्रवासी परवान्याची गाडी सांगावी. भाडं वाटून घेतलं तर माणशी फार पडत नाही.